पित्ताची कॅप्सूल, कापणारे हात आणि डोपामिन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आईचं वय ६८. गेल्या पाच-सहा महिन्यांत तिचे दोन्ही हात कापायला लागले, चाल मंदावली, बोलताना चेहरा हलत नाही. पार्किन्सनचं निदान झालं, गोळ्या सुरू केल्या, पण काडीचाही फरक नाही. दुसरं औषध म्हणाल तर पित्तासाठी रोज सकाळी एक कॅप्सूल, दोन वर्षांपासून. हा आजार इतक्या झपाट्याने वाढतो का? (सातारा)

त्या कॅप्सूलची पट्टी उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. नुसतं राबेप्राझोल किंवा पँटोप्राझोल लिहिलं असेल, तर कंपाशी तिचा संबंध नसावा. पण त्याला जोडून लेव्होसल्पिराइड असेल, तर याच आठवड्यात पट्टी घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा.

जठर लवकर रिकामं व्हावं म्हणून हे औषध देतात, आणि ते काम ते चोख करतं. मात्र ते करतं डोपामिन या मेंदूतल्या संदेश पोचवणाऱ्या रसायनाचे रिसेप्टर, म्हणजे ते जिथे जाऊन बसतं त्या जागा, अडवून, आणि पोटापुरतं न थांबता मेंदूतही पोचतं. मेंदूच्या तळाशी सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळसर पेशींचा पट्टा आहे. तिथल्या पेशी डोपामिन तयार करून हालचालींचं नियंत्रण करणाऱ्या भागाला पुरवतात. पार्किन्सनमध्ये या पेशीच मरत जातात. कंप दिसू लागतो तोवर जवळपास निम्म्या गेलेल्या असतात. तुमच्या आईच्या पेशी कदाचित शाबूत असतील, डोपामिनही तयार होत असेल, पण ते जिथे जाऊन बसायचं ती जागाच औषधाने धरून ठेवली असेल. तसं असेल तर पार्किन्सनच्या गोळ्यांचा उपयोग न होणं समजण्यासारखं आहे.

तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टींमुळे मला हा संशय येतो. खरा पार्किन्सन बहुतेकदा एका बाजूने सुरू होतो आणि वर्षानुवर्षं सरकत जातो. औषधामुळे होणारा त्रास पुष्कळदा दोन्ही बाजूंना एकदमच दिसतो आणि काही महिन्यांतच वाढतो. उतारवयात, त्यातही स्त्रियांमध्ये, त्याचा धोका जास्त. औषध बंद केल्यावर बहुतेकांना काही आठवड्यांत ते काही महिन्यांत उतार पडतो. काहींना पडत नाही. त्यांच्यात मुळात पार्किन्सन दबा धरून असतो आणि औषधाने तो लवकर उघडा पडलेला असतो.

उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, चक्करवरची सिनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन, अर्धशिशीवरची फ्लुनारिझिन ही याच रांगेतली. चार दिवस घेतली तर सहसा कंप येत नाही. खरी अडचण ती चिठ्ठी वर्षानुवर्षं दुकानात दाखवून तीच पट्टी आणत राहण्याची आहे. म्हणून तपासायला येणाऱ्या प्रत्येक घराला मी सांगतो की घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून आणा, पित्ताची आणि चक्करची आधी. आणि हो, सुरू असलेली पार्किन्सनची गोळी मात्र मनानेच एकदम तोडू नका.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे, आठ वर्षं पार्किन्सन. लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी दिवसातून चारदा. दुपारची गोळी जेवणाबरोबर घेतात, ती 'लागतच नाही'. एका नातेवाइकांनी कुहिलीचं चूर्ण सुचवलंय. ते सुरू करून गोळ्या बंद कराव्यात का? (नाशिक)

दुपारच्या गोळीचं कारण ताटातच असावं. लेव्होडोपा हे अमायनो आम्ल आहे. वरण, उसळ, दही, अंडी यांतली प्रथिनं पचली की तीही अमायनो आम्लंच होतात. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरायला सगळ्यांना एकच वाहक लागतो, आणि त्या गर्दीत गोळी मागे पडते. जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, नुसत्या पाण्याबरोबर गोळी द्या. मळमळ झाली तर सोबत एखादं साधं बिस्कीट चालेल. दूध नको. प्रथिनं तोडू मात्र नका, वडिलांचं वजन उतरेल. त्यांतला मोठा वाटा रात्रीच्या जेवणात द्या. बद्धकोष्ठ असेल तर त्यावरही उपचार घ्या.

डोपामिनच का देत नाहीत, असंही तुम्ही विचारलंय. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ते ओलांडू शकत नाही. लेव्होडोपा ओलांडतं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह होर्निकिएविच यांनी पार्किन्सनच्या मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिनची मोठी तूट दाखवली. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास यांनी मोठ्या मात्रेने, हळूहळू वाढवत हे औषध तोंडाने दिलं आणि खिळलेली माणसं हिंडू लागली. कार्बिडोपा नंतर जोडलं गेलं. लेव्होडोपाचं मेंदूबाहेरच डोपामिन होणं ते रोखतं, त्यामुळे मळमळ कमी होते आणि थोड्या मात्रेत भागतं.

कुहिलीच्या, म्हणजे खाजकुइलीच्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं. आयुर्वेदाने हे बी उगाच निवडलेलं नाही. पण चमचाभर चुर्णात ते नेमकं किती, हे डब्याडब्याला बदलतं. गोळ्यांवर चूर्ण चढवलं तर अंगाला आळोखेपिळोखे येतात, रक्तदाब पडतो, नसलेली माणसं दिसू लागतात. आणि गोळ्या एकदम बंद केल्या तर ताप, सर्वांग ताठरणं, भान जाणं इथवर मजल जाते, जीवही जाऊ शकतो. तेव्हा गोळ्या बंद नकोत, आणि चूर्ण डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको.

प्रश्न : मिस्टर ५४ वर्षांचे, आयुष्यभर काटकसरी. पार्किन्सनसाठी प्रामिपेक्सोल सुरू झाल्यापासून शेअर बाजारात ऑप्शनचे सौदे करतात, रात्री दोनपर्यंत मोबाइल. मुलीच्या लग्नाचे पैसे गेले. विचारलं की चिडतात. हा स्वभाव बदलला की आजार? (ठाणे)

बहुतेक औषधाचा परिणाम आहे, आणि हे आज घरात सगळ्यांना सांगा. प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल डोपामिनची नक्कल करतात. हालचालींच्या भागाला मदत करता करता ती हवंसं वाटण्याच्या मंडलालाही सतत ढोसत राहतात. जुगार, अनावर खरेदी, खाण्याचा किंवा लैंगिक इच्छेचा अतिरेक, अशा रूपांत ते दिसतं. ही औषधं घेणाऱ्यांच्या एका मोठ्या पाहणीत साधारण सहापैकी एकाला असा काही त्रास आढळला. रुग्ण लाजेने सांगत नाहीत, डॉक्टर विचारत नाहीत, आणि घर मोडायला येतं. मात्रा कमी केल्यावर किंवा औषध बदलल्यावर बहुतेकांचं वागणं ताळ्यावर येतं. कमी करणं मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पायरीपायरीने. तोवर खात्याचे व्यवहार तुमच्या हाती घ्या. त्यांना दोष देऊ नका.

प्रश्न : 'डोपामिन डिटॉक्स', म्हणजे काही दिवस मोबाइल, रील्स असं सगळं बंद ठेवणं, केल्याने मेंदू स्वच्छ होतो का? (पुणे)

नाही. डोपामिन शून्यावर आलं तर तुम्हाला उठून बसताही येणार नाही. ते आनंदाचं रसायन आहे हेही अर्धवटच. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की या पेशी भराभर संदेश देतात, हे वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवरच्या प्रयोगांत दाखवलं. रील्स त्यामुळेच सुटत नाहीत, पुढचं काय येईल ते ठाऊक नसतं. मोबाइल दूर ठेवा, फायदाच आहे.

प्रश्न : धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया. औषधाने भास थांबले, पण तो लाकडासारखा चालतो, हात कापतात. आता पार्किन्सन होणार का? औषध थांबवावं का? (कोल्हापूर)

मेंदूत डोपामिनच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. भास आणि संशय येतात तिथे ते जास्त उसळलेलं असतं, म्हणून औषध रिसेप्टर अडवतं. पण गोळी सगळ्या वाटांवर जाते, हालचालींच्याही. हे सर्पगंधेच्या काळापासून दिसत आलंय. १९३१ मध्ये कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी वेडावर आणि रक्तदाबावर वापरल्याचं लिहिलं, १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी रक्तदाबावरचा तिचा गुण जगापुढे मांडला. तिच्यातलं रिसर्पिन मेंदूतलं डोपामिन रिकामं करतं. स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी रिसर्पिनने निपचित झालेले ससे लेव्होडोपाने पुन्हा हालते केले. २००० च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

भावाचा ताठरपणा औषधाचा आहे, आणि तो सहसा उतरतो. मात्रा कमी करता येते, क्वेटियापिन किंवा क्लोझापिनसारखं कमी ताठरवणारं औषध देता येतं. क्लोझापिनबरोबर पांढऱ्या पेशींची तपासणी वेळच्या वेळी करावी लागते, ती चुकवायची नाही. औषध आपणहून बंद केलं तर भास परत येण्याचा धोका फार मोठा, आणि प्रत्येक फेऱ्यानंतर सावरणं अवघड होतं. पुढच्या भेटीला जाताना त्याच्या चालण्याचा मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढून न्या. ओठ चघळल्यासारखे किंवा जीभ आपोआप हलते का हेही पाहा. तसं असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांना लगेच दाखवा.