मिस्त्री गेला, नोटीस आली

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झाले आहे, इंदिरानगर, नाशिक येथे राहते. आमची इमारत १९९८ची, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघर आणि बाथरूम नवं करायला भाच्याच्या ओळखीचा मिस्त्री लावला. मटेरियलसकट साडेसहा लाख ठरले. करार केला नाही, व्हॉट्सॲपवर कोटेशन आहे. आतापर्यंत ४ लाख २० हजार दिले, त्यातले २ लाख ६० हजार बँकेतून, बाकी रोख. ओट्यामागची भिंत काढून त्याने ड्राय बाल्कनी आत घेतली. चेअरमन तोंडी ‘करा हो, सगळ्यांनीच केलंय’ म्हणाले होते. आता बाथरूमचं पाणी खालच्यांच्या छतातून गळतं. त्यांनी तक्रार केली आणि विनापरवाना बांधकामाबद्दल महापालिकेची कलम ५३ची नोटीस आली. मिस्त्री म्हणतो, आणखी दीड लाख द्या, मग येतो. परवानगी काढणं त्याचं काम नव्हतं का? घरपट्टी तर आम्ही वेळेवर भरतो.

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात तीन भांडणं एकात एक गुंतली आहेत. महापालिकेशी एक, खालच्या शेजाऱ्यांशी दुसरं आणि मिस्त्रीशी तिसरं. तिन्हींची दारं वेगळी आहेत. मिस्त्रीवरचा राग महापालिकेच्या उत्तरात लिहिलात तर काहीच साधणार नाही.

आधी नोटीस, कारण तिला मुदत आहे. ती महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली आहे. या कायद्यात विनापरवाना बांधकाम करणारा माणूस, मग तो दुसऱ्याच्या सांगण्यावरून का करेना, कलम ५२ खाली गुन्ह्यात येऊ शकतो. म्हणजे मिस्त्री अगदी मोकळा नाही. पण कलम ५३ची नोटीस मालकाला किंवा वापरणाऱ्याला निघते आणि बांधकाम पूर्ववत करायची जबाबदारी त्याच्यावर येते. ‘परवानगीचं तो बघणार होता’ हे तुम्हाला मिस्त्रीविरुद्ध वापरता येईल, महापालिकेपुढे नाही. घरपट्टीचंही तसंच. कर भरला म्हणजे बांधकाम अधिकृत झालं, असं कुठलाही कायदा म्हणत नाही. उलट महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७अ मध्ये अनधिकृत बांधकामावर शास्तीची, म्हणजे दंडाची, तरतूद आहे आणि ती भरल्यानेसुद्धा बांधकाम नियमित होत नाही. चेअरमनसाहेबांच्या ‘सगळ्यांनीच केलंय’बद्दल काय बोलावं! दुसऱ्याच्या बेकायदा बांधकामाकडे बोट दाखवून आपलं वाचवता येत नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे.

मार्ग मात्र आहे. नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आतच कलम ५३(३) प्रमाणे बांधकाम कायम ठेवण्याच्या परवानगीसाठी कलम ४४चा अर्ज करा. अर्जाचा अंतिम निकाल लागेपर्यंत नोटीस अंमलात येत नाही, ही सोय कायद्यातच आहे. मुदत चुकली तर ही सोय हातची जाईल. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४च्या निकालात पाडकामाआधी किमान १५ दिवसांची नोटीस आणि म्हणणं मांडण्याची संधी बंधनकारक केली आहे. म्हणून उद्याच हातोडा येईल या भीतीने रात्र जागवू नका.

अर्ज मंजूर होईल का, हे मुख्यतः एका गोष्टीवर ठरेल : १९९८च्या मंजूर नकाशात ती बाल्कनी एफएसआयमध्ये (जमिनीच्या प्रमाणात किती बांधकाम करता येतं, त्या हिशेबात) धरली होती की नाही. त्या काळच्या नियमांत बाल्कनीला ठरावीक मर्यादेपर्यंत सूट असायची. २०२०च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत हिशेबाची पद्धत बदलली. जुना मंजूर नकाशा महापालिकेच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनातल्या नगररचना विभागात मिळेल. अर्जावर मिळाला नाही तर माहिती अधिकारात मागा. तो एखाद्या आर्किटेक्टपुढे ठेवल्याशिवाय ‘नियमित करून देतो’ म्हणणाऱ्या कुणालाही पैसे देऊ नका. आणखी एक अडचण. एफएसआय इमारतीच्या जमिनीचा, एकट्या फ्लॅटधारकाचा नव्हे. त्यामुळे सोसायटीची लेखी ना-हरकत लागेल आणि जमीन अजून बिल्डरच्याच नावावर असेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरने करून दिली नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा, जुना विषय डोकं वर काढेल. चेअरमनसाहेबांना आता कागदावर लिहायला सांगा, बघा काय म्हणतात.

हिशेबात बसलं नाही तर भिंत परत बांधावी लागेल. ते मान्य करून मोकळं होणं पुष्कळदा स्वस्त पडतं, असं माझं मत आहे. मात्र भिंत काढल्यावर वरच्या बीमवर, लिंटेलवर (दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईवर) काय परिणाम झाला, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिलंच पाहिजे. ‘त्यात बीम नव्हता’ हे मिस्त्रीचं वाक्य कागदावर चालत नाही.

शेजाऱ्यांच्या बाबतीत वाद घालू नका. गच्चीतून पावसाचं पाणी गळालं तर दुरुस्ती सोसायटीची, पण आपल्या फ्लॅटमधल्या बाथरूमची गळती आपली. त्यांना एका ओळीचं पत्र द्या की दुरुस्ती करून देते. तक्रार करणाऱ्याशी असं बोलणं जड जातं, पण उद्या कुठेही जावं लागलं तरी ते पत्र तुमच्याच बाजूने बोलेल.

दुरुस्तीला हात लावण्याआधी मात्र थांबा. बहुतेक जण इथेच घाई करतात आणि पुरावा टाइल्सबरोबर फोडून टाकतात. आधी इंजिनिअरला बोलवा. तो नहाणी ट्रॅप (बाथरूममधलं पाणी जायचं तोंड) बुजवून चोवीस तास पाणी तुंबवेल आणि खालच्या छतावर ओल कुठे उमटते ते पाहील. ब्रिकबॅट कोबा (पाणी अडवणारा विटांच्या तुकड्यांचा थर) घातला होता की नुसत्या सिमेंटवर टाइल्स बसवल्या, ते एक टाइल उचलली की दिसतं. तारखेसह फोटो आणि सही-शिक्क्याचा अहवाल घ्या. त्याआधी मिस्त्रीला स्पीड पोस्टने कळवा की अमुक दिवशी पाहणी आहे, हजर राहा. आला नाही तरी ती पोच कामाला येते.

तुमच्याकडे त्याचं पूर्ण नाव आहे का, ताई? माझ्याकडे येणाऱ्यांच्या फोनमध्ये ‘राजूभाई टाइल्सवाले’ एवढंच असतं. त्या नावाने नोटीस कुठे पाठवायची? तुमचे २ लाख ६० हजार बँकेतून गेलेत, म्हणजे खात्याचं नाव निघेल. रोख रकमेसाठी ‘पैसे मिळाले’ असे त्याचे मेसेज शोधा. फोन बदलू नका, काही डिलीट करू नका. अशा मेसेजबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

लेखी करार नसला तरी तोंडी करार कायद्याने करारच असतो आणि कोटेशन त्याचा पुरावा आहे. त्याने ठरलेल्या रकमेत मटेरियलसकट काम अंगावर घेतलं, म्हणून तुम्ही ग्राहक आहात. रोजंदारीवर गवंडी-बिगारी लावून तुम्हीच देखरेख केली असती तर हे म्हणणं अवघड झालं असतं. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची. पोलिसांत गेलात तर ‘दिवाणी बाब’ म्हणून परत पाठवतील आणि या प्रकरणात त्यांचं फारसं चुकणारही नाही. काम सुरू करून अर्धवट सोडणं म्हणजे पहिल्यापासून फसवण्याचा हेतू, असं सहज सिद्ध होत नाही.

पुढच्या माणसाबद्दल थोडं. सध्या कुंभमेळ्याच्या कामांमुळे चांगला गवंडी हाताला लागणं कठीण, म्हणून जो मिळेल त्याला उचल देऊ नका. गवंडीकामाला सरकारी परवाना असा नसतो, पण वायरिंगला परवानाधारक विद्युत ठेकेदार आणि नळजोडणीला महापालिकेचा परवानाधारक प्लंबर घ्या. बाकीच्यांची पारख त्यांच्या दोन-तीन वर्षांपूर्वीच्या कामावरून करा. नवं काम सगळ्यांचंच चकचकीत दिसतं. स्टॅम्पपेपरवर टप्पे लिहा, आधारची प्रत घ्या, मटेरियल तुमच्या नावाच्या बिलावर आणा आणि दहा टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा. या अटीवर जो चिडेल तो आपला माणूस नाही.

दीड लाख अजिबात देऊ नका. फोनवर वाद घालू नका, आजच मेसेज पाठवा : ‘ठरलेल्या ६ लाख ५० हजारांपैकी ४ लाख २० हजार तुम्हाला मिळाले आहेत. बाथरूमची गळती आणि अपुरं काम याची पाहणी करून घेत आहे. तारीख कळवते, तोपर्यंत पुढची रक्कम देणार नाही.’ तो जे उत्तर देईल ते जपून ठेवा.