लपायला जागा नसलेलं कॉलेज

प्रवेशाचे दिवस सुरू झाले की साताऱ्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतं. "आमचं कॉलेज डोंगरातलं, लहानसं. तिथं शिकून काय होणार, मॅडम?" मेढ्याकडची मुलं विचारतात, पाटण खोऱ्यातली विचारतात. पालक तर 'पोराला पुण्याला ठेवायला जमलं नाही' हे गुन्हा कबूल केल्यासारखं सांगतात. म्हणून हा एक अनुभव लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी कोयना खोऱ्यातली, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय भूगोल. वडील नवी मुंबईत माथाडी कामगार. रजा काढून तिला घेऊन आले. "ताई, पोरगी बोलंना झालीया. कॉलेजला जाते न् येते, बास."

पहिल्या दोन भेटींत ती पुण्याबद्दलच बोलली. मावसबहीण तिथं शिकते, तिथली लायब्ररी, तिथले क्लास. आपल्या कॉलेजचं नाव ती नातेवाइकांत सांगत नसे, 'कराडला आहे' म्हणे. मी तिला समजावलं की लहान असलं तरी कॉलेज संलग्न आहे, पदवी शिवाजी विद्यापीठाचीच मिळणार. तिनं मान हलवली. पुढच्या भेटीत तीच तक्रार. माझं उत्तर बरोबर होतं, पण तिचा प्रश्न तो नव्हता, हे माझ्या लक्षात यायला तिसरी भेट उजाडली.

त्या दिवशी मी पुण्याचं नाव काढलंच नाही. म्हटलं, "तुझ्या कॉलेजातला तुला न आवडलेला एक दिवस सांग."

"पावसाळ्यात दरड पडली होती. चार दिवस एसटी बंद. आमच्या वाडीला रेंज नाही. तर सरांनी फाट्यावरच्या दुकानात फोन केला, ही का येत नाही म्हणून. दुकानदारानं सगळ्यांसमोर हाक मारून सांगितलं. इतकी लाज वाटली."

"लाज कशाची गं?"

"वर्गात अकराच जण आहोत, मॅडम. एक नसलं तरी दिसतं. लपताच येत नाही."

"आणि पुण्यात?"

"तिथं एका वर्गात शंभर पोरं. कुणाला कळलंच नसतं."

"काय कळलं नसतं?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी थांबले. अशा वेळी गप्प राहणं मला वर्षानुवर्षांच्या सरावानं जमू लागलंय. मग ती म्हणाली, "की मला समजत नाही. मी नुसती मान हलवते."

इतके दिवस ती मागत होती ते मोठं कॉलेज म्हणजे आडोसा होता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून हेच मांडलं: माणसाला घटनेपेक्षा तिचा आपण लावलेला अर्थ जास्त छळतो. सरांचा फोन ही घटना. 'आपली शोभा झाली' हा तिनं लावलेला अर्थ. मी एवढंच विचारलं, "चार दिवस आली नाहीस तर शोध घेणारा माणूस त्या शंभरांच्या वर्गात असता का?" ती रडली, आणि त्यानंतर पहिल्यांदा मोकळी बोलली.

पुढं आम्ही एकच गोष्ट ठरवली. रोज एका तासाला एकदा तरी 'सर, हे कळलं नाही' म्हणायचं. पहिल्या आठवड्यात दोनदाच जमलं. सरांनी मात्र तिला घरातलाच विषय दिला, कोयनेचा भूकंप. 11 डिसेंबर 1967 ची ती पहाट तिच्या आजीनं लहानपणी अनुभवलेली. आजीला विचारून तिनं चार पानं लिहिली आणि वर्गात वाचून दाखवली. धरण आणि भूकंप यांचा संबंध शोधायला देशोदेशीचे शास्त्रज्ञ याच खोऱ्यात येतात, हे तिला त्या पानांसाठी वाचताना कळलं.

लहान कॉलेजात सगळं असतं असं मी कधीच म्हणणार नाही. हवा तो विषयच नसेल, विज्ञानाला प्रयोगशाळा धड नसेल, तर जिथं आहे तिथं जावं, त्यासाठी वसतिगृह, शिष्यवृत्ती सगळं धुंडाळावं. पण विषय आहे, शिकवणारा मनापासून शिकवतो आणि तरीही जीव रमत नाही, तेव्हा मुलांनो, आधी स्वतःला विचारा: मला पुढं जायचंय, की गर्दीत दिसेनासं व्हायचंय? दुसरं उत्तर आलं तर घाबरू नका, ते फार जणांचं असतं. तुमचं नाव माहीत असलेल्या शिक्षकाकडं जा आणि न कळलेलं पान उघडून दाखवा. आणि पालकांनो, 'परवडलं नाही म्हणून इथं घातलं' हे वाक्य मुलांच्या कानावर रोज घालू नका. मुलं त्याचा अर्थ 'मी कमी प्रतीची' असा लावतात.

शेवटच्या भेटीला वडील पुन्हा आले होते. "ताई, कर्ज काढतो, पण पुण्याला पाठवू का हिला?"

मी म्हटलं, "तिलाच विचारा ना."

"बी.ए. इथंच करते, आप्पा," ती म्हणाली. "एम.ए.ला कोल्हापूरला जाईन. विद्यापीठात भूगोलाचा विभाग आहे, मी सरांना विचारलंय."

आप्पांनी बोटांवर हिशेब केला. "म्हंजे अजून पुढचं वर्षभर एसटीचा पास काढायचा."

"काढायचा," ती म्हणाली.