फोटोशॉप: दुसरा मॉनिटर काढला आणि पॅनेल गायब झाली, परत कशी आणायची?

पॅनेल उघडीच आहेत, फक्त काढलेल्या मॉनिटरच्या जागी अडकलीत. विंडो मेनूतल्या वर्कस्पेसमध्ये (म्हणजे पॅनेलच्या सेव्ह केलेल्या मांडण्यांमध्ये) आधी 'इसेन्शियल्स' ही मूळ मांडणी निवडा, मग 'रीसेट इसेन्शियल्स'. तुमच्याच जुन्या वर्कस्पेसवर राहून रीसेट केलंत, तर त्यात सेव्ह असलेल्या जागाच परत लागतात, म्हणून हा क्रम महत्त्वाचा.

पुन्हा असं होऊ नये म्हणून दोन वर्कस्पेस सेव्ह करा: एक दोन्ही मॉनिटर जोडून, एक फक्त लॅपटॉपवर. केबल काढण्याआधी लॅपटॉपवालं निवडायचं.

दुसऱ्या स्क्रीनचा खरा फायदा मात्र रिटचिंगला. विंडो मेनूतल्या अरेंजमध्ये 'न्यू विंडो' घ्या, म्हणजे तोच फोटो दुसऱ्या टॅबमध्येही उघडतो; तो टॅब ओढून पलीकडे न्या. इकडे ३०० टक्के झूमवर डाग काढताना तिकडे पूर्ण चेहरा लगेच बदललेला दिसतो.