स्पिटफायरचं मॉडेल रंगवल्यावर खेळण्यासारखं का दिसतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्पिटफायर मार्क १ या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं १/७२ स्केलचं किट सूचनापत्रक बघून जोडलं, तपकिरी-हिरवा कॅमोफ्लाज दिला, पॅनेलच्या रेघा काळ्या केल्या, रंग उडून पत्रा दिसतो तसे चंदेरी टवकेसुद्धा काढले, तरी विमान खेळण्यातलंच वाटतं. दुसरं किट उघडण्याआधी काय बदलू?

सूचनापत्रक बाजूला ठेवा आणि आधी एक फोटो शोधा. नुसती 'स्पिटफायर' कधी उडलीच नाही. उडायचं ते अमुक नंबरचं, अमुक स्क्वाड्रनचं, अमुक महिन्यातलं एखादं विमान. ते विमान आणि तो महिना पक्का केलात की कुठला रंग, कुठली चिन्हं, किती मळकट, काजळी कुठे, या सगळ्याची उत्तरं फोटोतच मिळतात. तुमच्या मॉडेलवर बहुधा चार वेगवेगळ्या विमानांच्या खुणा एकत्र आल्या आहेत. बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

एकट्या १९४० सालाचं बघा. वर्षाच्या सुरुवातीला मार्क १ ची खालची बाजू अर्धी काळी, अर्धी पांढरी असायची: डावा पंख काळा, उजवा पांढरा. जमिनीवरच्या आपल्याच लोकांना विमान ओळखू यावं, हा हेतू. मे महिन्यात धडावरच्या गोल चिन्हाभोवती पिवळं कडं आलं आणि शेपटीच्या उभ्या भागावर लाल-पांढरे-निळे पट्टे आले. जूनमध्ये खालून 'स्काय' हा फिका हिरवट रंग द्यायचा हुकूम निघाला, पण रंग सगळीकडे वेळेवर पोचला नाही. म्हणून त्या उन्हाळ्यात कुठे निळसर, कुठे हिरवट अशा छटा होत्या. नोव्हेंबरच्या अखेरीस शेपटीजवळ स्काय रंगाचा आडवा पट्टा आला, पंख्याची टोपीही त्याच रंगाची झाली आणि डाव्या पंखाखालचा काळा रंग परत आला. ऑगस्ट १९४१ मध्ये तर वरचा तपकिरी जाऊन त्या जागी ओशन ग्रे आला. आता बॅटल ऑफ ब्रिटनचं, म्हणजे जुलै ते ऑक्टोबर १९४० मध्ये ब्रिटनवर जर्मनीशी झालेल्या हवाई लढाईतलं विमान म्हणून तुम्ही शेपटीला तो पट्टा दिलात, तर बाकी काम कितीही सफाईचं असलं तरी हिशेब जुळत नाही.

पूर्वेकडच्या आघाडीवर गोल चिन्हातला मधला लाल ठिपकाच काढून टाकला होता. जपानी विमानांवर लाल गोळा असे. घाईत गल्लत होऊन आपल्याच माणसांनी आपलं विमान पाडायला नको. भारतीय हवाई दलाच्या ८ नंबरच्या स्क्वाड्रनला १९४४ मध्ये स्पिटफायर मिळाल्या, त्या करायच्या तर चिन्हात लाल ठिपका नको. ते मार्क ८, किट वेगळं घ्यावं लागेल. पण माझ्या मते पुढच्या मॉडेलसाठी विषय उत्तम आहे, आणि मार्क १ इतका चावून चोथा झालेलाही नाही.

आता स्केलचा हिशेब, कारण खेळणं वाटण्याचं दुसरं कारण इथे आहे. १/७२ म्हणजे सहा फुटांचा एक इंच. ११.२३ मीटर पसरलेले पंख मॉडेलवर १५.६ सेंटिमीटर होतात. तोच हिशेब रंगाला लावा. ब्रशनं दिलेला ०.१ मिलिमीटर जाडीचा थर खऱ्या विमानावर सात मिलिमीटरचा लेप होईल. ०.२ मिलिमीटर रुंदीची पॅनेलची रेघ खऱ्या पत्र्यावर जवळजवळ दीड सेंटिमीटरची फट होईल. अशी फट असलेल्या विमानात कोण बसेल? आणि तुम्ही ती वर काळ्या रंगानं भरलीत! रेघांना वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा अगदी पातळ रंग, द्यायचाच तर मूळ रंगापेक्षा एखादी छटा गडद घ्या: तपकिरीवर गडद तपकिरी, फिक्या खालच्या बाजूवर करडा. काळा वॉश इंजिनाची झाकणं, फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या) आणि हलणाऱ्या भागांच्या सांध्यांपुरता राहू द्या, कारण तिथे खरोखरच फट असते.

रंगाच्या गडदपणाचंही तसंच आहे. खऱ्या रंगाच्या नमुन्याशी बरोबर जुळणारा रंग तळहाताएवढ्या विमानावर गडद वाटतो. मी १/७२ वर वरच्या दोन्ही रंगांत थोडा पांढरट किंवा फिका मातकट रंग मिसळते. किती मिसळायचा यावर मॉडेलवाल्यांत जुनी भांडणं आहेत. मी डोळ्यावर भरवसा ठेवते.

जोडणीबद्दल फार लिहीत नाही, पण तीन गोष्टी अशा आहेत की त्या बिघडल्या तर रंग काहीच सावरू शकत नाही. स्प्रूवरचे, म्हणजे किटमधल्या प्लॅस्टिकच्या चौकटीवरचे, भाग सुटे करण्याआधी कोमट साबणाच्या पाण्यानं धुवा, साच्यातून सुटायला लावलेलं तेल राहिलं असेल तर रंग धरत नाही. दुसरी गोष्ट, सांधे. पॉलिस्टायरीनचा पातळ सिमेंट प्लॅस्टिक विरघळवून दोन्ही भाग एकजीव करतो. धडाचे दोन अर्धे दाबून धरलेत की सांध्यातून बारीकसं प्लॅस्टिक वर येतं, ते येऊ द्या, एक दिवस वाळू द्या आणि मग पॉलिश पेपरनं काढा. ४०० पासून सुरू करून १००० च्या पुढे जा. धडाच्या पाठीवरून गेलेली शिवण दिसली की संपलं, कारण खऱ्या विमानाला ती तशी नसते. शिवण गेली की नाही हे उघड्या प्लॅस्टिकवर कळत नाही. करडा प्रायमर मारलात की लगेच दिसतं, तेव्हा प्रायमर हा तपासणीचा थर समजा आणि त्यानंतर पुन्हा पुट्टी-पेपर करायची तयारी ठेवा.

तिसरी गोष्ट पंखांचा वरचा कल. स्पिटफायरचे पंख टोकाकडे सुमारे सहा अंशांनी वर चढत जातात. पंखाचा वरचा भाग धडाला जिथे मिळतो तिथे छोट्या किटमध्ये हमखास फट राहते. दोन्ही टोकांना मास्किंग टेप लावून ती धडावरून ताणून चिकटवा. फटही बंद होते आणि कलही येतो. सिमेंट वाळण्याआधी समोरून डोळ्याच्या पातळीवर धरून बघा. एक टोक एका मिलिमीटरनं खाली असेल तरी ते दुरूनही जाणवतं.

कॉकपिटमध्ये आठवडे घालवू नका. कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, बंद ठेवणार असाल तर १/७२ मध्ये करडा-हिरवा रंग, खुर्चीवरचे पट्टे आणि थोडीशी कोरडी ब्रशची फिरवणी पुरेशी आहे. कॅनॉपी मात्र सुपरग्लूनं चिकटवू नका, त्याच्या वाफेनं पारदर्शक प्लॅस्टिक धुरकट होतं. पांढरा फेव्हिकॉलच्या जातीचा गोंद चांगला. पंखांखालची मांडणीही तपासा: मार्क १ ला उजव्या पंखाखाली मोठा रेडिएटर आणि डाव्याखाली लहान ऑइल कूलर. दोन्हीकडे सारखे रेडिएटर पुढच्या मार्क ९ वर आले. आणि फ्लॅप खाली करून ठेवायचा मोह आवरा. जमिनीवर उभ्या स्पिटफायरचे फ्लॅप सहसा वरच असत. फोटो चाळलेत तर लक्षात येईल.

एअरब्रश नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. चांगला रुंद, मऊ ब्रश आणि दुधाइतका पातळ केलेला अ‍ॅक्रिलिक रंग घ्या. पहिला थर घाणेरडा, डागाळलेला दिसेल. दिसू द्या. पूर्ण वाळल्यावर आडव्या दिशेनं दुसरा, मग तिसरा. एका थरात झाकायला गेलात तर वर सांगितलेला सात मिलिमीटरचा लेप मिळतो. एअरब्रश असेल तर साधारण १५ ते २० पीएसआय दाब ठेवा, आणि लॅकर किंवा एनॅमल मारताना खिडकी उघडी आणि तोंडावर वाफ गाळणारा मास्क हवाच. साधा कापडी मास्क थिनरची वाफ अडवत नाही. आधी फिका खालचा रंग, मग वरचा तपकिरी, मग हिरवा. कॅमोफ्लाजचा नमुना मनानं काढू नका. तो ठरलेला होता, आणि एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेले 'ए' आणि 'बी' असे दोन नमुने होते. तुमच्या विमानाचा कुठला ते फोटोत दिसेल. दोन रंगांची कड १/७२ वर जवळजवळ कडकच हवी. पिसाऱ्यासारखी पसरलेली मऊ कड म्हणजे खऱ्या विमानावर हातभर रुंद धुरळा.

रंग वाळल्यावर ग्लॉस वार्निश, मगच डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं. मॅट पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो, डेकलखाली हवा अडकते आणि पारदर्शक कडा चंदेरी चमकतात. खेळणं वाटायचं हे फार मोठं कारण आहे, आणि लोक त्याचा दोष डेकलला देतात. डेकल मऊ करणारं द्रव लावलंत की ती सुरकुतते. घाबरून हात लावू नका, वाळताना आपोआप ताणून पॅनेलच्या रेघांत बसते. वॉशही याच ग्लॉसवर द्या. सगळ्यात वर मॅट वार्निश, त्यानंच विमान एकदम मोठं वाटायला लागतं.

आता टवके. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की मॉडेल इथेच बिघडलं. त्या उन्हाळ्यातली कित्येक विमानं काही आठवड्यांतच पडली किंवा मोडली. रंग उडून पत्रा उघडा पडायला त्यांना वेळच मिळाला नाही. टवके काढायचे तर कारण असेल तिथे काढा: डाव्या पंखाच्या मुळाशी, कारण पायलट डावीकडच्या छोट्या दारातून आत जाई, इंजिनाच्या झाकणांच्या स्क्रूंपाशी, कारण मेकॅनिक ती रोज उघडत. शेपटीच्या सुकाणूवर चंदेरी टवका काढू नका. ते कापडानं मढवलेलं असे, खाली चमकणारा पत्रा नाही. मार्क १ च्या एलरॉनचंही, म्हणजे पंखांच्या टोकांकडच्या हलत्या पट्ट्यांचंही, तेच. पत्र्याचे एलरॉन १९४१ मध्ये आले.

बंदुकांची काजळी ही तर माझी आवडती तक्रार. पंखांत आठ ब्राउनिंग मशीनगन होत्या, आणि थंडी-धूळ आत जाऊ नये म्हणून त्यांच्या तोंडांवर लाल कापडी तुकडे चिकटवलेले असत. पहिल्याच फैरीत ते फाटत. म्हणजे लाल तुकडे अखंड असतील तर विमान अजून गोळी न झाडलेलं, मग पंखाखाली काजळी कशी? आणि काजळी दाखवायची तर तुकडे फाटलेले हवेत. दोन्ही एकत्र असलेली मॉडेलं बक्षिसं घेऊन जाताना पाहिली आहेत, असो. एक्झॉस्टचा डाग मात्र द्याच, पण गडद तपकिरी-करडा, थरावर थर, मागे विरत जाणारा. टायर शुद्ध काळे ठेवू नका, गडद करडे करा आणि जमिनीला टेकणारी बाजू किंचित घासून चपटी करा.

रंग लागू नये म्हणून कॅनॉपीवर लावलेली मास्किंग टेप मॅट वार्निशनंतरच काढा. राहता राहिली एरियलची तार. जुना एचएफ रेडिओ असलेल्या विमानांना कॅनॉपीमागच्या खांबापासून सुकाणूपर्यंत तार असे. १९४० मध्येच व्हीएचएफ सेट यायला लागले आणि ती तार गेली, खांब राहिला. फोटोत तार दिसत असेल तर रिकाम्या स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीपासून थोडा वर धरून फिरवा, मऊ पडला की ज्योतीपासून बाजूला घेऊन एकसारखा ओढा. केसाइतका बारीक धागा निघतो. सुपरग्लूचा सुईच्या टोकाएवढा थेंब दोन्हीकडे, आणि तो पक्का झाल्यावर धुमसणाऱ्या अगरबत्तीचं गरम टोक जवळ नेलंत तर धागा ताठ होतो. जवळ म्हणजे जवळच, टेकवू नका.