मुलं आणि कुत्रा घेऊन थंडीत टेकडीवर जाताना

सगळं घर घेऊन पहिल्यांदाच वेताळ टेकडीवर निघताय, फार छान! फक्त पहाटेचा हट्ट सोडा. पुण्यात जानेवारीत उजाडतंच सातच्या सुमारास, तेव्हा आठला निघा. मुलांना एक जाड जॅकेट घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे घाला. चढ लागला की पोरं स्वेटर काढून तुमच्याच हातात देतात.

खरी काळजी घ्यायची ती गवताच्या कुसळांची. पावसाळ्यात वाढलेलं गवत आता वाळलेलं असतं. कुसळाचं टोक सुईसारखं असतं आणि त्याची पिळलेली शेपटी ओल लागली की फिरते, म्हणून ते केसांतून थेट कातडीत घुसतं. कुत्र्याला पायवाटेवरच चालवा. घरी आल्यावर पंजाच्या बोटांमधली जागा, काखा आणि कान बोटांनी चाचपून बघा, गोचीडही तिथेच सापडतात. कुत्रा सारखं डोकं झटकत असेल तर कानात स्वतः काही घालू नका, डॉक्टरकडे न्या.

पट्टा मोठ्या माणसाच्याच हातात हवा. मोर दिसला की शहाणा कुत्राही हिसका देतो, त्यात चार वर्षांचं मूल सहज तोंडावर आपटतं. टेकडीवरची मोकाट कुत्री समोर आली तर पळू नका, मुलाला जवळ घ्या आणि शांतपणे वाट बदला.

पाणी मुलांसाठी आणि कुत्र्यासाठी वेगळं घ्या. आणि मूल दगड गोळा करत बसलं तर बसू द्या, माथ्यापर्यंत पोचायलाच हवं असं मुळीच नाही.