टीसीएल टाकली की विहिरीच्या पाण्याला औषधाचा वास

प्रश्न : आमची जांभ्यातली विहीर रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीपासून दीडेक किलोमीटर उताराला आहे. पावसाळ्यात ग्रामपंचायतीने टीसीएल (क्लोरिनची ब्लीचिंग) पावडर टाकली की पाण्याला दवाखान्यासारखा वास येतो, एरवी काहीच नाही. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा) 90 दाखवतो. पंचायतीच्या किटमध्येही पाणी योग्य आलं. प्यावं का?
– एक वाचक, खेड तालुका

उत्तर : तपासणी होईपर्यंत पिण्याला आणि स्वयंपाकाला हे पाणी वापरू नका. नुसत्या क्लोरिनचा वास वेगळा. पाण्यात फेनॉल नावाचं रसायन असेल तर त्याचा क्लोरिनशी संयोग होऊन क्लोरोफेनॉल तयार होतं आणि औषधाचा वास सुटतो. फेनॉल अगदी थोडं असताना एरवी नाकाला कळत नाही, पण क्लोरोफेनॉलचा वास त्याहून कितीतरी कमी मात्रेत लागतो. कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातूनही फेनॉल येतं, त्यामुळे एवढ्यावरून कारखान्यावर बोट ठेवता येत नाही.

मीटरच्या 90 वर विसंबू नका. जांभ्यातलं पाणी मुळातच मऊ, कमी क्षारांचं. मीटर लिटरला 1 मिलिग्रॅमच्या खाली मोजत नाही. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस 10500 नुसार शिशाची मर्यादा लिटरला 0.01 आणि फेनॉलची 0.001 मिलिग्रॅम आहे. शिवाय बेन्झिन, टोल्यूइनसारखी द्रावकं वीजच वाहू देत नाहीत, ती मीटरला दिसणारच कशी? पंचायतीचं किट सामू, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड अशा गोष्टींसाठी आहे.

एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली लॅब गाठा. मान्यता फेनॉल आणि जड धातूंसाठीही आहे ना, हे विचारा. लॅब मागितलं तेवढंच शोधते. म्हणून फेनॉल, शिसं, कॅडमियम, क्रोमियम, पारा, निकेल, आर्सेनिक आणि उडनशील द्रावकं ही नावं अर्जात लिहा.

खरी चूक होते ती बाटलीत. मिनरल वॉटरची रिकामी बाटली चालत नाही. लॅबकडूनच बाटल्या घ्या. धातूंसाठी प्लॅस्टिकची, आत नायट्रिक आम्ल, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात. फेनॉलसाठी तपकिरी काचेची, आत सल्फ्युरिक आम्ल. आम्ल असलेली बाटली विसळू नका, ओसंडूही देऊ नका. द्रावकांसाठी 40 मिलिलिटरची काचेची कुपी : पाणी कडेने हळूच सोडा, तोंडावर फुगवटा आला की झाकण लावा, उलटी करून टिचकी मारा. बुडबुडा दिसला तर ती कुपी बाद, कारण द्रावक त्या हवेत निघून जातं. सगळं बर्फाच्या खोक्यात घालून त्याच दिवशी पोचवा.

नमुना टाकीतून नको, विहिरीतूनच हवा, पृष्ठभागाच्या हातभर खालून. आणि टीसीएल टाकण्याआधी! क्लोरिनने फेनॉलचं रूप बदलतं, आकडा खोटाच कमी येतो. जांभ्याच्या भोकांतून पाणी भराभर वाहतं, पावसासरशी बदलतं. म्हणून एकदा मेअखेर आणि एकदा पहिल्या चांगल्या सरींनंतर तपासा.

अहवालात ‘बीडीएल’ (शोधमर्यादेच्या खाली) दिसलं तर शेजारची शोधमर्यादा वाचा. फेनॉलपुढे ती 0.01 असेल, तर त्या ‘बीडीएल’ला अर्थ नाही, मर्यादेच्या दहापट फेनॉल असेपर्यंत ती चाचणी आंधळी आहे. आकडा जास्त आला तर अहवाल जोडून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज द्या. न्यायालयात मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर घेतलेला नमुनाच लागतो, तेव्हा त्यांनी विहिरीवर येऊन नमुना घ्यावा असं स्पष्ट लिहा.

प्रश्न : विहिरीवर इंद्रधनुष्यी तवंग येतो. तेल असेल का?

उत्तर : काठीने ढवळून पाहा. काचेसारखे तुकडे होऊन वेगळे राहिले तर तो लोहजिवाणूंचा थर, जांभ्यात नेहमीचा. फिरून लगेच जुळला तर तेल समजा आणि तेल-ग्रीसची तपासणी करा.

प्रश्न : उकळून प्यायलं तर?

उत्तर : धातू उकळून जात नाहीत, पाणी आटल्याने उलट दाट होतात. आरओ बहुतेक धातू अडवतो, लहान रेणूंची द्रावकं मात्र काही प्रमाणात निसटतात. त्यांना सक्रिय कार्बन लागतो, आणि तो भरून गेला की पाणी तसंच पुढे सोडतो. चवीत, रंगात फरक पडत नाही.