वाचक विचारतात: शिकायला पाठवलेल्या मुलीने नोकरी का करावी?

प्रश्न: ताई, आम्ही पारोळा तालुक्यातले कापूसवाले. मुलगी जळगावला इंजिनिअरिंग करून एम.एस.साठी अमेरिकेला गेली. डोक्यावर शैक्षणिक कर्ज आहे. परवा फोनवर म्हणाली, विद्यापीठातच अर्धवेळ नोकरी लागली, आठवड्याला १५ तास. विद्यार्थीच विद्यार्थ्यांना शिकवतात असा तिथे एक विभाग आहे, त्यात हिला ‘टेक्नॉलॉजी आणि स्ट्रॅटेजी’चं काम दिलंय. तिची आई म्हणते, पोरगी शिकायला गेली की नोकरी करायला? मला व्हिसाची धास्ती वाटते. आणि खरं सांगू, हे काम काय असतं तेच कळलं नाही. — एक पालक

उत्तर: भाऊ, आधी व्हिसाचं बोलू. एफ-वन, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर विद्यापीठाच्या आवारात नोकरी करता येते. सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, सुट्ट्यांत त्याहून जास्त. तिचे १५ तास नियमात बसतात. मात्र ही २० तासांची मर्यादा आवारातल्या सगळ्या कामांची मिळून असते. इथे १५ आणि कॅन्टीनमध्ये आणखी ८ असं केलं की नियम मोडला. आवाराबाहेर कुणा ओळखीच्याच्या दुकानात रोख पैशांवर काम करणं तर मुळीच नको, सांगणारा आपल्या गावचा असला तरी नको. त्यात व्हिसा जातो.

पैशांचंही सांगते. अमेरिकेत केंद्राचं किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे, बऱ्याच राज्यांत त्याहून जास्त. समजा ताशी १२ डॉलर मिळाले, तर १५ तासांचे आठवड्याला १८० होतात. किराणा आणि खोलीभाड्याचा काही वाटा यातून सुटेल. कर्ज फिटणार नाही, तो हिशेब मनात धरू नका. पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शनची आणि म्हातारपणच्या आरोग्यविम्याची, कपात एफ-वन विद्यार्थ्यांना पहिली पाच कॅलेंडर वर्षं साधारणपणे लागत नाही. चुकून कापली गेली असेल तर पगाराची पावती घेऊन लगेच विचारायला सांगा. आयकर विवरणपत्र मात्र दरवर्षी भरायचं. भारत-अमेरिका कर करारातल्या कलम २१ मुळे आपल्या विद्यार्थ्यांना प्रमाणित वजावट घेता येते, म्हणजे एक ठरावीक रक्कम उत्पन्नातून वजा करून उरलेल्यावरच कर लागतो. हे बऱ्याच मुलांना माहीतच नसतं आणि हक्काचे पैसे तिथेच राहतात.

आता कामाकडे येते. तुमच्या पत्रातला हाच भाग मला सगळ्यात जवळचा, कारण मी भुसावळला आयुष्यभर गणित शिकवलं.

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या विद्यापीठात १९७३ साली डिॲना मार्टिन यांनी एक पद्धत सुरू केली. तिचा गाभा असा, की कच्चा विद्यार्थी शोधायचा नाही, अवघड विषय शोधायचा. ज्या विषयात ३० टक्के किंवा त्याहून जास्त मुलं नापास होतात, काठावर राहतात किंवा मधेच विषय सोडतात, तो विषय घ्यायचा. तो आधी चांगल्या गुणांनी पार केलेला एक विद्यार्थी नेमायचा. त्याने त्या वर्गात पुन्हा बसायचं आणि आठवड्यातून काही वेळा सत्र घ्यायचं. ज्याला यायचं तो येईल, सक्ती नाही. सत्रात त्याने व्याख्यान द्यायचं नाही, मुलांनाच एकमेकांत बोलतं करायचं. ‘ढ’ असा शिक्का कुणावरच बसत नाही, कारण अवघड ठरलाय तो विषय. ही एवढी साधी गोष्ट मला फार मोलाची वाटते. आमच्याकडे जादा तासाला बसणाऱ्या मुली मान खाली घालून यायच्या, ते डोळ्यांसमोर आहे.

अशा विभागात शिकवणारे विद्यार्थी भरपूर असतात. पण कोण कधी मोकळा आहे, कुठल्या विषयाला किती जण आले, कुणी वेळ घेतली आणि आलाच नाही, ऑनलाइन सत्राची लिंक कुणाला गेली, हे सगळं कुणीतरी सांभाळावं लागतं. ते तुमच्या मुलीचं टेक्नॉलॉजीचं काम. वेळा नोंदवण्याची प्रणाली चालू ठेवायची, संकेतस्थळावरचं वेळापत्रक बदलायचं, नव्या मुलांना ती प्रणाली शिकवायची, हजेरीच्या नोंदींतून तक्ते काढायचे.

स्ट्रॅटेजीचं काम या तक्त्यांतून निघतं, आणि डोकं लागतं ते इथे. समजा, संख्याशास्त्राला मंगळवारी दुपारी दोन मार्गदर्शक रिकामे बसतात आणि रविवारी रात्री रांग लागते. मग माणसं हलवायची का? रविवारी रात्री काम करायला कोण तयार होईल? पहिल्या वर्षाची मुलं पहिल्या परीक्षेत आपटेपर्यंत येतच नाहीत, तर त्यांना आधीच कसं आणायचं? विभागप्रमुखांसमोर अशा प्रश्नांची उत्तरं आकड्यांनिशी मांडायची असतात. पुढे कुठल्याही कंपनीत तिला हेच करायचं आहे. फरक इतकाच, की इथे ती मुलं तिच्या ओळखीची असतील.

एक गोष्ट तिला माझ्याकडून आवर्जून सांगा. सत्रांना आलेल्या मुलांचे गुण न आलेल्यांपेक्षा जास्त दिसतील आणि सगळ्यांना आनंद होईल. तिने तिथे थांबून विचार करावा. जी मुलं आपणहून येतात ती आधीच जास्त झटणारी असू शकतात. म्हणून त्यांची तुलना मागच्या परीक्षेत तेवढेच गुण असलेल्या, पण न आलेल्या मुलांशी करावी. हा प्रश्न तिने स्वतःहून काढला तर वरिष्ठांच्या नजरेत ती वेगळी ठरेल. आणि दुसऱ्यांचे गुण, हजेरी हे तिच्या हाताखालून जाणार आहे. अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींच्या गुप्ततेचा कायदा १९७४ पासून आहे. खोलीतल्या मैत्रिणीजवळसुद्धा ‘अमका नापास झाला’ असं बोलायचं नाही.

तिच्या आईची काळजी खोटी नाही. परीक्षेच्या आठवड्यात या विभागात सगळ्यात जास्त गर्दी असते, आणि नेमकी तेव्हाच हिचीही परीक्षा. म्हणून आत्ताच, गर्दी नसताना, वरिष्ठांशी बोलून त्या आठवड्यांचे तास कमी करून घ्यावेत. हे मागायला संकोच वाटायचं कारण नाही. मुलांचा अभ्यास टिकावा म्हणूनच तर तो विभाग आहे. वहिनींना सांगा, पोरगी शिकायलाच गेली आहे आणि या नोकरीत ती शिकतेच आहे.

प्रश्न: मुलगा बारावीला आहे. घरी दररोज चार-पाच मित्र येतात आणि हा त्यांना फिजिक्स समजावत बसतो. ह्याच्या स्वतःच्या अभ्यासाचं काय? — एक आई, भुसावळ

उत्तर: समजावून सांगताना त्याचाच धडा पक्का होतो, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही म्हटलं आहे की अशा शिकवण्याचा फायदा शिकणाऱ्याला होतो तसा शिकवणाऱ्यालाही होतो. फक्त रोजचं नको. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी ठरवून द्या, बाकी दिवस त्याचे.

प्रश्न: मॅडम, मी शहाद्याला बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘कमवा व शिका’ योजनेत मला ग्रंथालयात पुस्तकं लावायचं काम मिळालंय. कामाची लाज नाही, पण माझ्या शिक्षणाशी जुळेल असं काही मागता येईल का? परदेशात विद्यार्थ्यांना असली कामं असतात म्हणे. — एक विद्यार्थी

उत्तर: बाळा, जरूर मागता येईल. तोंडी मागू नकोस, एक पानाचा अर्ज घेऊन प्राचार्यांकडे जा.

तू ज्या योजनेत काम करतोस तिची मुळं कर्मवीर भाऊराव पाटलांपर्यंत जातात. १९४७ साली त्यांनी साताऱ्याचं शिवाजी कॉलेज याच तत्त्वावर उभं केलं. तेव्हा मुलं शेतात राबून शिकली. आज कॉलेजला हजेरीच्या तक्त्याचीही तेवढीच गरज आहे, आणि तो बनवणारा हातही कष्टाचाच. विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना शिकवणंही बाहेरून आलेलं नाही. अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने मद्रासच्या अनाथालयात मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घेतलं आणि १७९७ मध्ये लंडनला त्यावर पुस्तिका छापली. पुढे इंग्लंडने ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून उचलली.

अर्जात एकच विषय धर. मागच्या दोन वर्षांचं निकालपत्रक विभागात असतंच. सगळ्यात जास्त एटीकेटी कुठल्या पेपरला लागतात ते सरांच्या परवानगीने मोज, नावं न लिहिता. मग लिही: या पेपरसाठी तिसऱ्या वर्षाचे दोन विद्यार्थी आठवड्यातून दोनदा बसतील, मी नोंदणी, वेळापत्रक आणि हजेरी सांभाळीन, सेमिस्टरच्या शेवटी अहवाल देईन. लॅपटॉप कुणाकडे असेल-नसेल, म्हणून नोंदणी मोबाइलवर भरता येईल अशी ठेव. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या मुलांना गावी गेल्यावर नेटवर्क मिळत नाही, त्यांच्यासाठी सूचनाफलकावर वहीही लाव.

भाषेचा एक रकाना तक्त्यात नक्की ठेव. सत्रात कुठल्या भाषेत बोलणं झालं ते त्यात लिहायचं. आमच्या वसतिगृहात यावल-रावेरकडच्या मुली रात्री व्हरांड्यात बसून आपापल्या बोलीत एकमेकींना कलनशास्त्र सांगायच्या, आणि माझ्या वर्गात न सुटलेली गणितं तिथे सुटायची. तुमच्याकडे अहिराणी, पावरी, भिली बोलणारी मुलं एका बाकावर बसतात. कुठल्या भाषेत सांगितलं तर किती मुलं पुन्हा आली, एवढं जरी तुझ्या तक्त्यातून निघालं तरी कॉलेजच्या हाती मोठी गोष्ट लागेल.

मानधनावर ठाम राहा. ‘अनुभव मिळेल की’ असं म्हणून फुकट करवून घेण्याकडे कल असतो. शिकवणाऱ्या दोघांना आणि तुला, तिघांनाही योजनेच्या दराने तास लागू व्हावेत असं अर्जातच लिही. गरजू घरातली हुशार मुलं फुकटच्या कामाला येऊ शकत नाहीत, त्यांना सुट्टीत कापूस वेचायला जावं लागतं. आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना तीच सगळ्यात चांगलं समजावू शकतात.

प्राचार्यांनी होकार दिला तर तक्त्यात एवढे रकाने पुरेत: तारीख, पेपर, प्रकरण, किती जण आले, त्यातले पहिल्यांदा किती, भाषा, आणि कुठे अडलं. शेवटचा रकाना आळस न करता भर, आणि दर शनिवारी विषयाच्या सरांना दाखव.